उंबऱ्याबाहेरून दिलेले सिनेमे

दुपारी दोनच्या सुमाराला खिडकीतून एक कागद आत आला. दोन पिशव्या, बी पॉझिटिव्ह, तातडीने. रुग्णाचं नाव वीरभद्रप्पा, वय छप्पन्न, रक्ताची उलटी. मी बीदरच्या एका रक्तपेढीत तंत्रज्ञ आहे. असे कागद रोज येतात आणि त्यावरचं नाव आम्ही वाचतो ते फक्त पिशवीवरच्या नावाशी जुळवायला. मी नमुना लावला, रक्त जुळलं, पिशव्या काढून टेबलावर ठेवल्या आणि तेवढ्यात वॉर्डातून फोन आला, आता नको. 'नको' म्हणजे काय, हे आमच्याकडे कुणी विचारत नाही. पिशव्या परत फ्रीजमध्ये गेल्या, कागदावर मी 'रद्द' लिहिलं, आणि लिहिता लिहिता नजर पत्त्यावर गेली... मैलूर, सीडी लायब्ररीच्या मागे. हे नाव मी माझ्या हाताने रक्तदात्यांच्या कार्डावर सहा वेळा लिहिलं होतं. तरी ओळखलं नाही. सगळं गाव त्यांना सीडी अण्णा म्हणायचं, मीही अण्णाच म्हणायचे, आणि ज्या दिवशी ओळखायला हवं होतं त्या दिवशी वीरभद्रप्पा कोण हे मला समजलं नाही.

या गोष्टीला आता सात आठवडे झाले. गेलेल्या माणसावर लिहिताना चिडू नये, असं म्हणतात. मी चिडलेली आहे. अण्णांवर चिडले आहे, स्वतःवर जास्त, आणि थोडीशी त्या लोकांवरही, जे मोबाईलवरच्या ग्रुपवर 'असा माणूस पुन्हा होणे नाही' लिहून लगेच खाली विचारतात की अण्णांच्या सिनेमांची यादी कुणाकडे आहे का. यादी नाही. अण्णांनी जन्मात यादी केली नाही. म्हणून या लेखात एकाही सिनेमाचं नाव सापडणार नाही, हे आधीच सांगून ठेवते. अण्णा सिनेमा माणूस बघून द्यायचे, आणि तुम्ही कोण हे मला माहीत नाही.

आमची ओळख झाली ती रक्तदान शिबिरात, सतरा वर्षांपूर्वी. मी नोकरीला नवी होते. एक गोल चेहऱ्याचा, कपाळावर विभूतीचे पट्टे ओढलेला माणूस खाटेवर पडून पिशवी भरताना मोठ्या कौतुकाने बघत होता. "अक्का, ही किती दिस टिकतंय?" मी म्हटलं, पस्तीस दिवस. "पस्तीस!" ते म्हणाले, "आमच्या पिक्चरातल्यांना कोन सांगावं हे! बिचारे रोज ताजं हुडकत फिरायलेत." मला काही कळलं नाही. शेजारच्या खाटेवरचा म्हणाला की हे सीडी अण्णा, यांना रक्तपिपासूंच्या सिनेमांचं वेड आहे. मला तेव्हा त्या प्रकाराचा मनापासून तिटकारा होता. दिवसभर रक्त हाताळायचं आणि घरी जाऊन पडद्यावर पुन्हा तेच लाल रंगाचं पाणी बघायचं, कशासाठी? तसं मी तोंडावर बोलूनही दाखवलं. ते रागावले नाहीत. सुई काढून झाल्यावर हात दुमडून बसले आणि म्हणाले, "तुमाला रक्तवाला न्हाई देत. या एकदा दुकानाला."

दुकान म्हणजे मैलूरमधली दहा बाय बाराची खोली. पुढे झेरॉक्सचं मशीन, मागे तीन भिंतींना छतापर्यंत फळ्या. सुरुवातीला कॅसेट होत्या, मग सीडी आल्या, पुढे पेन ड्राइव्ह, आणि शेवटच्या वर्षांत तर काहीच न्यायचं नसायचं, सगळं प्रत्येकाच्या मोबाईलवर होतं. तरी माणसं यायची. कारण अण्णा चिठ्ठी लिहून द्यायचे, डॉक्टर देतात तशी. वर सिनेमाचं नाव आणि खाली कसा घ्यायचा ते. 'एकटीने. दुपारी. पंखा बंद.' किंवा, 'भावाबरोबर. भांडण मिटल्यावर.' हे ते गमतीने करत नसत. कुणी म्हणालं की अण्णा, लई भीती वाटंल असा द्या, तर त्याला ते बाजूला बसवून ठेवायचे आणि आधी बाकीच्यांचं बघायचे. रात्री काय, कुणीबी भितंय, असं त्यांचं म्हणणं होतं, दुपारच्या उन्हात अंगावर काटा आला तर तो पिक्चर. त्यांना भीती नको असायची, हवा पाहिजे असायची. हवा हा त्यांचा शब्द. "ह्या पिक्चरला हवा हाय, अक्का. काय बी व्हत न्हाई, नुसता दरवाजा हाय आन् बाई हाय. पन हवा हाय." हे सांगताना ते हाताचा पंजा हवेत असा काही फिरवायचे, की समोर पडदा लोंबतोय आणि ते त्याचं कापड चाचपून बघताहेत असं वाटावं.

मला त्यांनी पहिला दिला तो जुना, काळापांढरा होता. डोंगरातल्या घरात एक पाहुणा येतो, जेवायच्या पानावर रोज बसतो, आणि त्याचं पान रोज जसंच्या तसं उचललं जातं. दीड तासात रक्ताचा थेंब दिसत नाही. दिसतं ते एवढंच, की घरची म्हातारी रोज थोडं कमी वाढायला लागते. मी मे महिन्यातल्या दुपारी पंखा बंद करून तो बघितला, घामाने निथळले, आणि परत करायला गेले तेव्हा अण्णांनी मला फळ्यांजवळच्या लाकडी स्टुलावर बसवलं. त्या स्टुलावर बसल्याशिवाय सिनेमा परत घेतला जात नसे. "काय बघितलं?" हा एकच प्रश्न. आवडला का, असं त्यांनी कधी कुणाला विचारलं नाही. बघितलं काय, तेवढं सांगायचं. मी म्हटलं, म्हातारी. तिला पहिल्या दिवसापासून माहीत होतं, तरी ती वाढत राहिली. अण्णांनी टाळी वाजवली आणि आत बघून ओरडले, "महानंदा, च्या आन! अक्कानं म्हातारी बघितली!"

त्यानंतरची पाच वर्षं फार चांगली गेली. अण्णा दर दहा महिन्यांनी रक्त द्यायचे, मी दर पंधरवड्याला स्टुलावर बसायचे. ते आमच्या घरी यायचे, माझ्या आईशी गप्पा मारत बशीत ओतून चहा प्यायचे. आम्ही बौद्ध, ते बसवण्णांना मानणारे. आईला त्यांची एक गोष्ट फार आवडायची. परदेशी सिनेमांत मेलेला माणूस पेटीतून उठून बसतो, तसं तुमच्यात का होत नाही, असं तिने विचारलं तर ते म्हणाले होते, "आमच्यात मानसाला बसवूनच पुरतेत, आई. बसलेला मानूस आनि कुठं उठून बसंल?" आई पदर तोंडाला लावून हसली होती. माझ्या आईने आयुष्यात एकही परदेशी सिनेमा बघितला नाही, पण अण्णांनी सांगितलेल्या गोष्टी तिला अंगाईसारख्या पाठ होत्या.

सहाव्या वेळच्या रक्तात हिपॅटायटिस बी निघाला. हे मी इथे लिहितेय ते अण्णांच्या बायकोने, महानंदा वहिनींनी 'लिहा अक्का, निदान दुसऱ्याला तरी कळंल' असं म्हटलं म्हणून. नाहीतर आमच्या पेशात हे ओठांबाहेर काढायचं नसतं. मी अण्णांना बोलावून घेतलं, दार लावलं आणि सांगितलं. हा विषाणू यकृतात बसून राहतो, वर्षानुवर्षं काही जाणवत नाही, म्हणून दर सहा महिन्यांनी तपासणी करायची, डॉक्टर म्हणतील तेव्हा गोळी सुरू करायची. पसरतो तो रक्ताने, सुईने, न्हाव्याच्या वस्तऱ्याने, नवरा-बायकोत. हात लावल्याने नाही, एका ताटात जेवल्याने नाही, कपाने नाही. वहिनींना आणि मुलीला लस द्या. आणि रक्त आता पुन्हा देता येणार नाही. ते सगळं शांतपणे ऐकत होते. शेवटी एवढंच म्हणाले, "म्हंजे माझं रक्त कुनाला चालत न्हाई." मी म्हटलं, चालत नाही. यापेक्षा बरं वाक्य मला त्या क्षणी सुचायला हवं होतं, पण नाही सुचलं...

त्यांनी काय केलं? वहिनींना आणि मुलीला तीन-तीन डोस तारीख न चुकवता दिले, आणि स्वतः मुडबीला, त्यांच्या गावाकडे जाऊन काविळीची माळ घालून आले. आमच्याकडे ही माळ सगळ्यांना ठाऊक आहे. कसल्याशा काड्यांची असते, डोक्यावर ठेवतात आणि ती दिवसागणिक वाढत खाली उतरली की कावीळ उतरली म्हणतात. मी कपाळावर हात मारून घेतला. "अण्णा, तुमाला कावीळ झालेलीच न्हाई, तर माळ काय उतरवायलीय?" तर ते हसून म्हणाले, "पिक्चरात दाराला लसनाची माळ लावतेत, तसं समजा. लावायला काय जातंय?" आणि मी हसले. हे मला आजही गिळता येत नाही. मी, जी रोज त्या विषाणूची तपासणी करते, ती लसणाच्या माळेवर हसले आणि मनात म्हटलं की माळ घालू देत, डॉक्टरकडेही जातीलच. सहा महिन्यांनी मागे लागून पुन्हा रक्त घेतलं. विषाणू होताच. त्या दिवशी ते आमच्या रक्तपेढीच्या दारातून शेवटचे आत आले.

मग त्यांनी चहा सोडला. म्हणजे आमच्या घरचा. आधी म्हणाले आत्ताच घेतलो, मग म्हणाले पित्त झालंय, मग येणंच कमी झालं. आले तर फाटकाबाहेर उभे. नवी चिठ्ठी द्यायला रक्तपेढीत यायचे तर उंबऱ्याबाहेरून हात लांब करून द्यायचे. पुढच्या वर्षी माझ्या मुलाचं बारसं झालं. अण्णांना मी स्वतः जाऊन सांगून आले होते. वंदना झाली, पंगत बसली, तेव्हा अण्णा आले. हातात खेळण्याचा डबा, फाटकाशी उभे. मी बाळाला घेऊन पुढे गेले, म्हटलं, "घ्या की, मामा हाव तुम्ही." ते दोन पावलं मागे सरकले. खरंच सरकले, मी बघितलं. "न्हाई अक्का, दुरूनच बरं," असं काहीतरी पुटपुटले, डबा खुर्चीवर ठेवला आणि न जेवता निघून गेले. पंगतीतले सगळे बघत होते. आमचे एक पाहुणे मोठ्याने म्हणाले, "चहा चालतो यांना, पंगत चालत नाही." खरं तर चहाही बंद झाला होता, ते पाहुण्यांना माहीत नव्हतं. मला माहीत होतं. संध्याकाळी भांडी आवरताना आईने फक्त तिच्या माहेरची आठवण सांगितली. तिथल्या हॉटेलात आमच्या लोकांसाठी एक कान तुटलेला कप बाहेर वळचणीला खोचलेला असायचा. आपण काढायचा, आपण पुढे धरायचा, वरून चहा ओतला जायचा, आपणच धुऊन परत खोचायचा. "मानूस बदलतंय म्हणतेत," ती म्हणाली, "पन कुठं कुठं न्हाई बदलत."

मी तिला हो म्हटलं. आज त्या 'हो'चा राग येतो, पण मी हो म्हटलं. कारण माझा हिशेब माझ्या मते बरोबर होता. कपाने पसरत नाही हे मी स्वतः अण्णांना सांगितलेलं होतं. त्यांना ते कळलं होतं. मग कप नाकारायचं आजार हे कारण असूच शकत नव्हतं. आणि दुसरं कारण काय, हे आमच्यासारख्यांना शोधत बसावं लागत नाही, ते घरात आधीपासून असतं. मी त्यांना विचारलं नाही. विचारायला कमीपणा वाटला. एवढी शिकलेली बाई मी, 'अण्णा, माझ्या घरचा चहा कामून सोडलाव?' एवढं एक वाक्य मला अकरा वर्षांत विचारता आलं नाही. माझं बाळ... माझ्या बाळाला जन्माच्या दिवशीच त्या विषाणूची लस टोचलेली होती. तेही सांगितलं नाही. सांगायचं सुचलंच नाही, कारण मी रागावले होते.

राग धरला की माणूस कामातही बेफिकीर होतो. आधी मी दर महिन्याला विचारायचे, अण्णा, तपासून आलाव का? मग सहा महिन्यांनी विचारायला लागले. मग रस्त्यात भेट झाली तर. ते म्हणायचे, "जाऊन आलो की!" आणि मला दिसायचं की हे गेलेले नाहीत. मी म्हणायचे, बरं. आणि त्यांचं माझ्याकडे एकच मागणं असायचं. त्या बारशानंतर महिन्याभरात त्यांनी मला एक चिठ्ठी दिली होती, अर्थातच उंबऱ्याबाहेरून. चिठ्ठीसोबत सीडीही, कारण हा सिनेमा कुठे मिळत नाही म्हणाले. खाली लिहिलं होतं, 'अक्कांनी. एकटीने. दुपारी. शेवटपर्यंत.' मी ती सीडी कपाटात टाकली. ते विचारत राहिले. दुसऱ्या कुठल्या सिनेमासाठी ते एवढे मागे लागले नव्हते. शेवटी एकदा वैतागून मी सांगितलं, बघितला. "व्हय?" त्यांचे डोळे असे लकाकले! "काय बघितलं?" या प्रकारच्या सिनेमांत धुकं असतंच, हे मला पाच वर्षांत कळलं होतं. मी म्हटलं, धुकं छान आहे, अण्णा. त्यांनी माझ्याकडे क्षणभर बघितलं, मान हलवली आणि म्हणाले, "हां... धुकं हाय." त्यानंतर त्यांनी पुन्हा विचारलं नाही. त्यांचं खोटं मी चालवून घेत होते, माझं त्यांनी चालवून घेतलं. मोठे सभ्य आम्ही दोघं.

शेवटची भेट गेल्या उन्हाळ्यातली. रुग्णालयाच्या फाटकाजवळ रसवंतीच्या सावलीत उभे होते. पोट फुगलेलं, पाय सुजून चपलेचे पट्टे रुतलेले, डोळे पिवळे. लिंबासारखे पिवळे, आणि या वेळी कुठल्या माळेने उतरणार नव्हते. मी रस्त्यातच ओरडायला लागले. किती वेळा सांगितलं, ऐकायलाव का तुम्ही कुणाचं, गावभर चिठ्ठ्या लिहून देताव आणि स्वतः एक चिठ्ठी पाळता येत नाही! ते मान खाली घालून ऐकून घेत होते. रसवाल्याने दोन पेले पुढे केले. अण्णांनी खिशातून, शर्टाच्या खालच्या खिशातून, एक छोटा स्टीलचा गिलास काढला आणि रस त्यात ओतायला लावला. हे बघून तर माझ्या रागाने टोकच गाठलं. इथेही? उसाच्या रसालाही यांना दुसऱ्याचा पेला चालत नाही? मी माझा पेला तसाच ठेवून निघाले. मागून ते म्हणाले, "अक्का, तो पिक्चर..." मी वळून म्हटलं, "पिक्चर राहू द्या आता!" आणि गेले. दोन महिन्यांनी तो कागद खिडकीतून आत आला.

मातीला मी मुडबीला गेले. त्यांच्या शेतात खड्डा खणला होता, आत कोनाडा केला होता, आणि अण्णांना मांडी घालून बसवलं होतं. गळ्यात लिंग, कपाळाला विभूती, नेहमीसारखीच. स्वामींचं मंत्र म्हणणं कन्नडमध्ये चाललं होतं. माणसं विभूतीच्या वड्या आत ठेवत होती आणि मला सारखं त्यांचंच ते वाक्य आठवत होतं, बसलेला मानूस आनि कुठं उठून बसंल. हसू येईल की रडू, याची मला खात्री नव्हती, म्हणून मी बोरीच्या झाडाखाली लांब उभी राहिले. नंतर वहिनी मला बघून आल्या, माझा हात धरून मला पुढे घेऊन गेल्या. मीही मूठभर माती टाकली.

तिसऱ्या आठवड्यात मी कपाटातून ती सीडी काढली. घरात ती चालवायला काही उरलं नव्हतं, म्हणून दुकानात गेले. वहिनी एकट्या फळ्या पुसत बसल्या होत्या. "ओळग बर्री, अक्का," त्या म्हणाल्या, आत या. त्यांनी कॉम्प्युटर लावून दिला, शटर अर्धं ओढलं, आणि मी सांगायच्या आधीच पंखाही त्यांनीच बंद केला. इतक्या वर्षांत त्यांनाही नियम पाठ झाले होते.

त्या सिनेमात धुकं नाही. एक ठिपकासुद्धा नाही. उघडा, कोरडा माळ आहे, औरादकडे जाताना लागतो तसा, आणि त्यावर एक पांढरं घर. घरात एक विधवा, तिची सासू, तिचं तान्हं मूल. रोज दिवस कलताना एक उंच माणूस येतो, सरपण आणून ठेवतो, विहिरीचा दोर नीट करून जातो. तो रक्त पिणाऱ्यांतला आहे, हे आपल्याला पहिल्या दहा मिनिटांत कळतं. अशा माणसाला घरात यायला बोलावणं लागतं, बोलावल्याशिवाय उंबरा ओलांडता येत नाही, हा त्या सिनेमांतला जुना नियम. मी वाट बघत राहिले, की आता ही बोलावणार आणि आता घात होणार. ती बोलावते. अर्ध्या तासात बोलावते. सासू बोलावते. मूल रांगत उंबऱ्यापर्यंत येतं आणि त्याच्याकडे हात करतं. तो आत येत नाही. पूर्ण सिनेमाभर येत नाही. मुलाने हात केला तेव्हा तो दोन पावलं मागे सरकतो... मला पुढचं पडद्यावर दिसेना. बाईला वाटतं की आपलं घर त्याला हलकं वाटतं. ती दार लावून घेते. शेवटी तो पहाटे बाहेरच्या कट्ट्यावर बसल्या बसल्या मरतो आणि तिला कधीच कळत नाही.

हा सिनेमा अकरा वर्षं माझ्या कपाटात होता.

मी शटरकडे बघत बसले होते. वहिनींनी पंखा लावला, स्टूल ओढून माझ्यासमोर ठेवलं आणि मला त्यावर बसवलं. आणि स्वतः अण्णांच्या खुर्चीत बसून, अवघडून, विचारलं, "काय बघितलं, अक्का?"

मी म्हटलं, "तो मागं सरकला, वहिनी."

त्यांनी मांडीवरच्या फडक्याची घडी केली. मग म्हणाल्या, "तुमच्या लेकराच्या बारशाहून आले, तवा पायरीवरच बसले. जेवले न्हाईत. लेकरू लई गोड हाय म्हनले, दुरून बघितलो म्हनले. मी म्हनलं, कामून, घ्यायचं की मांडीवर. तर म्हनले, अक्का सांगतेत कपानं व्हत न्हाई, हातानं व्हत न्हाई. पन अक्काचं मन मोठं हाय, त्या मला वाईट वाटू ने म्हनून सांगत आसतील. न्हानं लेकरू हाय, कशाला उगं..." त्यांनी डोळे पुसले. "घरात बी तसंच. त्यांचा गिलास येगळा, ताट येगळं. मी आन् पोरगी रोज भांडायचो."

म्हणजे मी खरं सांगितलं आणि त्यांनी ते माझा चांगुलपणा समजून बाजूला ठेवलं. त्यांनी जे केलं ते मी माझ्या आईच्या माहेरच्या वळचणीला नेऊन ठेवलं. डॉक्टरकडे मात्र गेले नाहीत, मग कुठल्या सिनेमातला शहाणपणा हा, अण्णा? दुसऱ्याला आपल्यापासून सांभाळायला एवढी अक्कल, आणि स्वतःला सांभाळायला एक माळ? एक गोळी होती हो. रोजची एक गोळी. तुम्ही आज या खुर्चीत बसला असता आणि मी तुम्हाला शिव्या घातल्या असत्या. त्याच दिवशी दुकानात मी हे मोठ्याने बोलले, वहिनींसमोर, आणि वहिनी म्हणाल्या, "बोला, मी बी रोज बोलते."

चहा करायला त्या उठल्या, तेव्हा मला झेरॉक्स मशीनच्या मागे खिळ्याला अडकवलेली कापडी पिशवी दिसली. आत तो गिलास होता. काठाखाली कन्नडमध्ये त्यांचं नाव कोरलेलं. मी तो काढून वहिनींपुढे धरला. "त्यात नको, अक्का, ते त्यांचं हाय," त्या म्हणाल्या. मी म्हटलं, "त्यातच ओता." त्यांनी थोडं थांबून ओतला. मी त्या स्टुलावर बसून तो चहा प्याले, सगळा, आणि मग गिलास धुऊन पिशवीत परत न ठेवता मागून घेतला.

तो आता रक्तपेढीत आहे. आमच्या मागच्या खोलीत चहाचे आठ कप आहेत, त्यांच्यात ठेवलाय. माझा म्हणून बाजूला ठेवलेला नाही, त्यावर चिठ्ठी लावलेली नाही. ज्याच्या हाताला लागेल तो त्यातून पितो, आणि एखादा नवा डॉक्टर नाव बघून विचारतो, हे वीरभद्रप्पा कोण?